शितावरून भाताची परीक्षा

गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून एक वार्ता अधूनमधून उठते, पारावर चघळली जाते, तहसील कचेरीपर्यंत पोहोचते आणि पंचनामा होऊन विरून जाते. वार्ता अशी की, रेशनच्या तांदळात प्लॅस्टिकचा तांदूळ निघाला. पुरावाही हजर असतो. तांदूळ धुवायला घेतला की काही दाणे पाण्यावर तरंगतात. ते किंचित पिवळसर आणि नको इतके एकसारखे दिसतात. मग कोणी ते दाणे काडी लावून जाळून पाहतो, तर कोणी शिजलेल्या भाताचा लाडू वळून जमिनीवर आपटतो, आणि लाडू उसळला की उरलासुरला संशयही फिटतो. शितावरून भाताची परीक्षा करावी, असे आपल्या पूर्वजांनी सांगून ठेवले आहे खरे. परंतु भाताचा चेंडू करून ती घ्यावी, असे काही त्यांनी सांगितले नव्हते. चिकट भाताचा घट्ट गोळा, मग तो आंबेमोहोराचा का असेना, थोडाफार उसळणारच!

तरंगणारे ते दाणे तांदळाचेच असतात, पण कारखान्यात घडवलेले. तांदूळ दळून त्याच्या पिठात लोह, फॉलिक आम्ल आणि ब-१२ जीवनसत्त्व मिसळायचे; चकलीच्या सोऱ्यातून पीठ दाबावे तसे ते यंत्रातून दाबून पुन्हा तांदळाच्या आकाराचे दाणे पाडायचे; आणि शंभर किलो तांदळामागे असे किलोभर दाणे मिसळायचे, अशी ही योजना. प्रथम काही राज्यांत एकेक जिल्हा निवडून प्रयोग झाला. महाराष्ट्रात तो मान गडचिरोलीला मिळाला. पुढे १५ ऑगस्ट २०२१ रोजी पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून घोषणा केली, की सरकारी योजनांतून वाटला जाणारा सर्व तांदूळ २०२४ पर्यंत असाच असेल. कारणही क्षुल्लक नव्हते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिनची तूट, म्हणजे पंडुरोग, आढळला होता. अशा तांदळाने ही तूट कितपत भरून निघते, याविषयी तज्ज्ञांत वाद आहेत. पण तो दाणा पोटात गेला तरच त्या वादाला अर्थ. इथे तर ज्या माउलीसाठी तो घडवला, तीच तो सुपातून एकेक करून वेचून अंगणात भिरकावते. निवडण्याचे काम आपल्याकडील स्त्रिया किती चोखपणे करतात, हे सांगायला नकोच. शालेय पोषण आहाराच्या खिचडीतही हाच तांदूळ आला, तेव्हा पालकांची समजूत घालण्याचे जादा काम कोणाच्या गळ्यात पडले, हे शिक्षक वाचकांना ठाऊक असेल.

प्लॅस्टिकची शंका अर्थशास्त्राच्या कसोटीवर क्षणभरही टिकत नाही. भेसळ करणारा मनुष्य नीतीने कच्चा असला तरी हिशेबाला पक्का असतो. तो मिऱ्यांत पपईच्या बिया घालतो, तिखटात विटेची भुकटी घालतो. कारण बी आणि वीट स्वस्त. प्लॅस्टिकचा कच्चा माल किलोमागे साध्या तांदळाहून महाग पडतो. स्वस्त जिन्नसात महाग जिन्नस कालवून दिवाळे काढून घेणारा व्यापारी अद्याप जन्मायचा आहे. हे वर्गात सांगितले की विद्यार्थी हसतात आणि त्यांना ते पटतेही.

परंतु आम्हांला त्या गावकऱ्याला हसावेसे वाटत नाही. तांदळातले खडे त्याने वर्षानुवर्षे दाताखाली अनुभवले आहेत. तो माल निवडत नाही. जो पदरात पडेल तो पवित्र मानून घरी नेतो. पोत्यावर पोषणयुक्त तांदळाची निळी खूण छापलेली असते म्हणे. पण पोते राहते दुकानात आणि तांदूळ जातो गिऱ्हाइकाच्या पिशवीत. विक्रेत्याला जे ठाऊक आहे ते गिऱ्हाइकाला ठाऊक नसेल, तर गिऱ्हाईक वाईटच गृहीत धरते, हे जॉर्ज अकेर्लॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन मांडले. त्यांना पुढे २००१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. आमच्या गावकऱ्याला ते न मांडताच कळते.

शिवाय नवे अन्न चाखण्याची चैन सर्वांना सारखी परवडत नाही. पुण्यामुंबईच्या उपाहारगृहात जपानी सुशीच्या ताटलीत कडेला हिरवा गोळा दिसतो. आपले मराठी मन त्याला पुदिन्याची चटणी समजून सढळ हाताने तोंडात टाकते आणि पुढची पाच मिनिटे नाकाडोळ्यांतून गंगायमुना वाहतात. तो वासाबी. मित्रमंडळी हसतात आणि घरी येऊन वरणभात जेवता येतो. ज्याच्या चुलीवर आजचे एकच आधण आहे, त्याचा प्रयोग फसला तर घर उपाशी झोपते. त्याचा हट्टीपणा हा पुष्कळदा केवळ हिशेब असतो.

या बाबतीत युरोपीय माणूस आपल्याहून शहाणा होता, असेही नाही. अठराव्या शतकात प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक याने दुष्काळग्रस्त कोलबर्ग नगराला गाडाभर बटाटे पाठवले. तेथील नागरिकांनी ते कच्चेच चावून पाहिले, मग कुत्र्यांपुढे टाकले. कुत्र्यांनी हुंगून तोंड फिरवले. ज्याला ना वास ना चव आणि जे कुत्रेही खात नाही, ते आम्ही काय करायचे, असा त्यांचा सवाल होता. राजाने पुढल्या खेपेस बटाट्यांबरोबर ते लावायला शिकवणारा माणूसही पाठवला. त्या माणसाचे मोल गाड्यातल्या मालाहून अधिक होते, असे आम्हांला वाटते.

अधिक बोलकी कथा आयर्लंडची. १८४५ साली तेथले बटाट्याचे पीक रोगाने कुजले. ब्रिटिश पंतप्रधान रॉबर्ट पील यांनी गाजावाजा न करता अमेरिकेतून एक लाख पौंडांचा मका मागवला. तो आला १८४६ च्या आरंभी. तो इतका कठीण की दोनदा दळावा लागे, आणि तसा दळणाऱ्या गिरण्या आयर्लंडमध्ये थोड्या. बटाटा उकडण्यापलीकडे स्वयंपाक ज्या घरांना फारसा माहीतच नव्हता, त्यांनी मक्याचे जाडेभरडे पीठ अर्धेकच्चे खाल्ले आणि पोटे धरून लोळू लागले. पिवळ्या रंगावरून त्या मक्याला ‘पीलचे गंधक’ असे नाव पडले. मक्याचे काहीच चुकले नव्हते. चुकले होते ते धान्यासोबत कृती नीट न पाठवणाऱ्यांचे. पुढे कृती कळली, भूकही वाढली, आणि त्याच मक्यासाठी लोक रांगा लावू लागले. (जाता जाता: किंमत वाढली की ज्याची मागणी वाढते, त्या गिफेन वस्तूचे उदाहरण म्हणून पाठ्यपुस्तके आयर्लंडचा बटाटा देतात. मार्शल यांनी गिफेन यांचे नाव घेऊन दिलेले उदाहरण गरिबाच्या पावाचे होते. विद्यार्थ्यांनी परीक्षेत मात्र बटाटाच लिहावा. परीक्षकही पाठ्यपुस्तकेच वाचतात.)

आपल्याकडे १९७२ च्या दुष्काळात परदेशातून मिलो आला. लालसर ज्वारीच ती. पण शाळू आणि मालदांडीवर वाढलेल्या माणसाला तिची तांबूस भाकरी गिळवेना. ही ज्वारी अमेरिकेत जनावरांना घालतात, अशी कुजबुज होती, आणि इथे मात्र कुजबुज खरी होती. तिकडे तिचा मुख्य उपयोग पशुखाद्य म्हणूनच. १९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या घरात मजूर खडी फोडत होते; त्यांतल्या कितीकांनी नाक मुरडीत का होईना, त्याच मिलोवर दिवस काढले. उपकार मानायचे की अपमान, हे त्या पिढीला नीट ठरवता आले नाही.

आता गंमत पाहा. कारखान्यात घडवलेला पांढरा दाणा आपल्याला मुळातच वर्ज्य आहे म्हणावे, तर साबुदाणा काय आहे? दक्षिण अमेरिकेतून आलेल्या कसावाचे ते कंद. काही जातींचे कंद कच्चे खाल्ले तर विषबाधा व्हावी असे. त्यांतले पिष्ट काढून, यंत्रावर मोत्यासारखे गोल करून, भाजून, वाळवून तो तमिळनाडूतल्या सेलमहून आपल्या आषाढी एकादशीला येतो. खिचडीत सोबतीला बटाटा, शेंगदाणे आणि मिरची, ही तिघेही अमेरिकेच्या भूमीतलीच! भाताला न चालणारा उपवास या चार परदेशी पाहुण्यांवर बिनतक्रार पार पडतो. साबुदाण्याला प्लॅस्टिक म्हणून आपटून पाहणारे विरळाच. कारण तो आजीच्या हातून आला, कचेरीच्या परिपत्रकातून नव्हे.

त्रावणकोरात विशाखम तिरुनाळ या राजाने १८८० च्या सुमारास कसावाच्या लागवडीला उत्तेजन दिले, तेव्हा लोकांची विषाची भीती घालवण्यासाठी त्याने तो कंद स्वतःच्या ताटात वाढून घेतला, अशी आख्यायिका आहे. अधिकाऱ्यांनी गावोगाव जेवत फिरावे, अशी आमची मागणी नाही. पण दुकानापुढे एक चूल मांडावी, पसाभर तांदूळ सर्वांदेखत शिजवावा, तरंगणारा दाणा तळहातावर ठेवून तो कशाचा केला आहे हे चार शब्दांत सांगावे आणि तिथल्याच कोणा कर्त्या बाईला पहिला घास घ्यायला सांगावे; याला पंचनाम्याहून कमी कागद लागतो. तूर्त मात्र दुकानदाराला विचारावे, तर तो वजनाचा काटा सारखा करीत ‘वरूनच असा माल आला’ एवढेच सांगतो. आणि आत त्याच्या घरच्या सुपातही ते दाणे वेचून बाजूला काढलेले असतात.