लाइन गेली की

सवच्या गरम झऱ्यांवर अंघोळी करत वाढलेल्या माणसाला फुकटच्या उष्णतेचं कौतुक नसतं. उन्हाचं मात्र असतं, कारण महाडकडे पावसाळ्याचे चार महिने ते दर्शनालाही मिळत नाही. संपादकांनी सौर प्रकल्पावर लिहायला सांगितलं आणि मी घाट चढून मराठवाड्यात गेलो.

सरकारी इतिहास दोन ओळींचा. शेतीला दिवसा वीज देण्याची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ची. तिच्या दुसऱ्या टप्प्यातला पहिला प्रकल्प २०२४मध्ये वैजापूर तालुक्यात, धोंदलगावला सुरू झाला: तीन मेगावॉट, १,७५३ शेतकऱ्यांसाठी. पाच एचपीची मोटर धरली तर तीन मेगावॉटवर एका वेळी आठशेच्या आसपास चालतील, तेही भर दुपारी. बाकीची वीज ग्रिडमधूनच यायची. तरी दिवसा वीज ही चैन वाटत असेल त्याने एकदा डिसेंबरात रात्री दोनला, हातात बॅटरी घेऊन, उसात दारं धरून बघावीत.

मी पाहिला तो प्रकल्प दुसरीकडचा, पण तेवढाच. काचांवर धूळ. त्या भल्या सकाळी धुवायच्या. तापल्या काचेवर गार पाणी पडलं तर तडकते, असं तिथल्या ऑपरेटरनं सांगितलं. पॅनेलला ऊन हवं पण ताप नको, पंचवीस अंशांच्या वर दर अंशाला वीज जवळपास ०.४ टक्क्यानं घटते. हे मला भारी गमतीचं वाटलं.

तेवढ्यात इन्व्हर्टरची घरघर थांबली. पडद्यावर शून्य. ऊन मात्र तसंच रणरणत होतं.

दहा मिनिटांत एक शेतकरी मोटरसायकलवर आला. "भाऊ, ऊन तर हे एवढं पडलंय, मंग मोटर का बंद?"

ऑपरेटर हे बहुधा शंभराव्यांदा समजावत असावा. इन्व्हर्टर आपला ताल ग्रिडच्या पन्नास हर्ट्झवरून घेतो. लाइन मेली की त्यानंही थांबायचं. नाहीतर खांबावर चढलेला वायरमन तार मेलेली समजून हात लावेल आणि वीज इथून जाईल. लाइन परत आली तरी इन्व्हर्टर लगेच जोडला जात नाही. व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी, दोन्ही काही मिनिटं स्थिर दिसली पाहिजेत.

शेतकऱ्याला पटलं. कांद्याचे अर्धे वाफे कोरडेच होते. तो निंबाच्या सावलीत उकिडवा बसला आणि मोबाइलवर वेळ बघत राहिला.

घरघर पुन्हा सुरू झाली तेव्हा तो काही न बोलता किक मारून गेला. ऑपरेटरनं नोंदवहीत ११.४० ते १२.२५ लिहिलं. कारणाच्या रकान्यात: लाइन.