डुकरांच्या कळपातील विषाणुजन्य साथी

बंगळूर नगराच्या दक्षिणेस आनेकल तालुका आहे. त्याच्या एका अंगास वाढत जाणारे महानगर, तर दुसऱ्या अंगास बन्नेरघट्टाचे अरण्य आहे. महानगरातील उपाहारगृहांचे उष्टे अन्न डुकरांना स्वस्तात घालता येते. अरण्यात रानडुकरे वावरतात. अशा प्रदेशात वराहपालन करू इच्छिणाऱ्याने प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. डुकरांच्या विषाणुजन्य ज्वरांवर रोग बरा करणारे औषध नाही; म्हणून रोगास कळपाच्या दाराबाहेर ठेवणे हाच खरा उपाय होय.

या रोगांपैकी दोन विशेष घातक आहेत : एक वराहज्वर, ज्यास स्वाइन फीवर म्हणतात, व दुसरा आफ्रिकी वराहज्वर. दोहोंत तीव्र ताप येतो, जनावर खाणे टाकते, कानांवर व पोटावर तांबडे-जांभळे डाग पडतात, गाभण माद्या गाभ टाकतात. तथापि दोन्ही विषाणू अगदी भिन्न कुळांतील आहेत. यास्तव नुसत्या लक्षणांवरून निदान होत नाही. नमुने प्रयोगशाळेत पाठवावेच लागतात. हे रोग माणसांस होत नाहीत.

पहिल्या रोगास लस आहे. भारतात 1964 पासून सशांच्या शरीरात वाढविलेल्या विषाणूची लस वापरली जाई. परंतु एका सशापासून सुमारे 50 मात्राच निघत. इज्जतनगर येथील भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्थेने पेशींच्या संवर्धनावर तयार केलेली लस 2020 मध्ये पुढे आली आणि सशांवाचून लस करण्याचा मार्ग मोकळा झाला.

पैदाशीच्या कळपात मात्र एक छुपा धोका असतो. डुकरिणीचा गाभणकाळ सुमारे 114 दिवसांचा असतो. त्याच्या मध्यावर तिला वराहज्वराच्या सौम्य विषाणूचा संसर्ग झाला, तर ती स्वतः निरोगी दिसू शकते. पण तिची काही पिले विषाणू अंगात घेऊनच जन्मतात. गर्भातच ओळख झाल्यामुळे पिलाचे शरीर त्या विषाणूस परका मानीत नाही व त्याचा प्रतिकारही करीत नाही. असे पिलू कित्येक महिने धडधाकट दिसते आणि सतत रोग पसरवीत राहते. म्हणून माद्यांस गाभण राहण्यापूर्वीच लस टोचणे अगत्याचे आहे.

आफ्रिकी वराहज्वराचे वर्णन प्रथम 1921 मध्ये केनियातून प्रसिद्ध झाले. हा रोग 2007 मध्ये जॉर्जियात, 2018 मध्ये चीनमध्ये व 2020 मध्ये आसाम व अरुणाचल प्रदेश येथे पोहोचला. त्यावर भारतात लस उपलब्ध नाही. त्याचा विषाणू गोठविलेल्या व खारविलेल्या मांसात महिनोन्महिने टिकतो. त्यामुळे उष्ट्या अन्नातील मांसाचा एखादा तुकडाही साथ आणू शकतो. असे अन्न ढवळत ढवळत 90 अंश सेल्सियसवर निदान 60 मिनिटे तापविल्यास विषाणू मरतो. याखेरीज रानडुकरे आत येऊ नयेत असे कुंपण घालावे. विकत आणलेली जनावरे 30 दिवस वेगळी ठेवावीत. बाहेरच्या माणसांची पादत्राणे व वाहनांची चाके निर्जंतुक केल्यावाचून आत घेऊ नयेत.

एवढे करूनही रोग आलाच, तर पालकाची खरी कसोटी लागते. आजारी जनावरे घाईने विकून चार पैसे वाचवावेत, असा मोह होतो. आणि त्याच वाटेने रोग पुढच्या गावी जातो. पशूंमधील संसर्गजन्य रोगांच्या प्रतिबंधाविषयीच्या 2009 च्या कायद्याने अशा रोगाची वर्दी देणे मालकावर बंधनकारक केले आहे. आफ्रिकी वराहज्वर सिद्ध झाल्यास 1 किलोमीटरच्या परिघातील डुकरे मारून पुरली जातात व 10 किलोमीटरपर्यंत देखरेख ठेवली जाते. मारलेल्या जनावरांची भरपाई शासनाकडून देण्याची तरतूद आहे. ही भरपाई वेळेवर हाती पडली, तरच पालक निर्भयपणे वर्दी देतो. आणि वर्दी जितकी लवकर, तितकी कमी जनावरे मारावी लागतात.