उंचावलेली गाडी आणि आडवी दांडी

अमेरिकेच्या पश्चिम भागात, युटा, कोलोरॅडो, कॅलिफोर्निया या राज्यांत, एक छंद फार लोकप्रिय आहे. पिकअप घ्यायची, तिच्या स्प्रिंगा बदलून किंवा त्यांच्यापाशी ठोकळे बसवून ती चार-सहा इंच उंच करायची, तिला मोठी चाके लावायची आणि सुटीच्या दिवशी रस्ता जेथे संपतो तेथून पुढे निघायचे. आपल्याकडे पिकअप म्हटले की पहाटे बाजार समितीच्या आवारात टोमॅटोचे क्रेट उतरवणारी कष्टाळू गाडी डोळ्यांपुढे येते. तिकडे मात्र तीच गाडी सोमवार ते शुक्रवार मुलांना शाळेत पोहोचवते आणि शनिवारी मोॲबच्या तांबूस खडकांवर चढते. गाडीच्या या दुहेरी संसारातून एक प्रश्न उभा राहतो, आणि त्यावर तेथील हौशी मंडळी मोठ्या हिरिरीने वाद घालतात: पुढच्या दोन चाकांना जोडणारी आडवी पोलादी दांडी काढून टाकावी की राहू द्यावी?

प्रश्न क्षुल्लक वाटेल. काही बोल्ट सैल केले की दांडी हातात येते आणि तिच्यावाचून गाडी सुरूही होते, चालतेही. परंतु कारखान्याने जी वस्तू मुद्दाम बसवली ती काढण्यापूर्वी तिचे काम काय, हे जाणून घेतलेले बरे.

कारागीर तिला स्टॅबिलायझर बार किंवा अँटी-रोल बार म्हणतात. आपण तिला डोलरोधक दांडी म्हणू. चौकटी कंसाप्रमाणे दोन्ही टोकांशी वाकवलेली ही दांडी मध्यभागी दोन रबरी बुशांमधून चॅसीला धरलेली असते आणि तिची टोके लहान लहान जोडदांड्यांनी, म्हणजे लिंकांनी, डाव्या व उजव्या चाकाच्या यंत्रणेला जोडलेली असतात. ओला पंचा दोन हातांत धरून दोन्ही मनगटे एकाच दिशेने फिरवा. पंचा नुसता फिरतो, त्याला पीळ बसत नाही. मनगटे विरुद्ध दिशांना फिरवा, की पीळ बसतो आणि हातांना विरोध जाणवतो. दांडीचे नेमके हेच आहे. दोन्ही चाके एकाच वेळी गतिरोधकावर चढली तर ती बुशांमध्ये निमूटपणे फिरते. वळणावर गाडी एका अंगाला कलू लागली, एक चाक वर व दुसरे खाली जाऊ लागले, की दांडीला पीळ बसतो आणि ती कलण्याला विरोध करते. अशा दांडीचे पहिले पेटंट 1919 साली कॅनडातील फ्रेडरिक्टन येथील स्टीफन कोलमन यांना मिळाले. तिची ताकद जाडीच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. म्हणजे भरीव दांडीची जाडी 25 मिलिमीटरऐवजी 30 केली, तर तिचा विरोध दुपटीहून थोडा अधिक होतो.

आता खडकावर चला. उजवे चाक शिळेवर चढले आहे आणि डावे खळग्यात उतरू पाहत आहे. चाकांनी येथे विरुद्ध दिशांना जाणे, हीच गाडीची गरज. दांडी तेच होऊ देत नाही. मग डावे चाक अधांतरी राहते. साध्या डिफरन्शियलची रीत अशी, की लटकलेले चाक गरगर फिरत राहते आणि जमिनीवरच्या चाकाला जोर फारसा मिळत नाही. म्हणून खडकाळ वाटेवर दांडी मोकळी करणारा माणूस अविचारी नव्हे; त्याचे कारण खरे आहे. येथे एक भेद मात्र लक्षात घ्यावा. ज्या गाडीची पुढची दोन्ही चाके एकाच अखंड आसाला बसवलेली असतात, तिला दांडी सोडल्याचा लाभ मोठा होतो. आजच्या बहुतेक पिकअपमध्ये पुढची चाके स्वतंत्रपणे हलतात, आणि त्यांच्या हालचालीची मर्यादा मुळातच तोकडी असते. अशा गाडीची दांडी काढून पदरात फारसे काही पडत नाही.

खडक संपला आणि महामार्ग लागला, की हिशेब पालटतो. गाडी उलटण्याची शक्यता अजमावण्यासाठी अमेरिकेतील महामार्ग-सुरक्षा प्रशासन एक साधे गुणोत्तर वापरते: डाव्या-उजव्या चाकांमधील अंतराला गुरुत्वमध्याच्या उंचीच्या दुपटीने भागायचे. उदाहरणादाखल, चाकांमधील अंतर 165 सेंटिमीटर व गुरुत्वमध्य 70 सेंटिमीटर उंचीवर असेल तर उत्तर सुमारे 1.18 येते. तीच गाडी उंचावून गुरुत्वमध्य 79 सेंटिमीटरवर नेला, तर ते 1.04 पर्यंत उतरते. सामान्य मोटारीचा आकडा बहुधा 1.3 च्या वर असतो. म्हणजे दांडीला हात लावण्यापूर्वीच या गाडीने आपल्या स्थैर्याचा बराच भाग खर्ची टाकलेला असतो.

दांडी या गुणोत्तरात कोठेच येत नाही, हे खरे. आणि ‘काढली म्हणून काय बिघडले?’ असे म्हणणाऱ्यांना त्याचा आधारही वाटतो. पण हे गणित गाडी एखाद्या ताठ ठोकळ्याप्रमाणे आहे असे धरून केलेले आहे. खरी गाडी स्प्रिंगांवर डोलते. गुरुत्वमध्य उंच गेला की वळणावर तिला कलवणारा जोर वाढतो. दांडी नसली की त्या जोराला अडवणारे केवळ स्प्रिंगांचे बळ उरते. आणि गाडी जितकी कलेल तितका गुरुत्वमध्य बाहेरच्या बाजूला सरकतो. संथ वळणावर चालकाला फक्त डोलणे जाणवेल. परंतु ताशी शंभर किलोमीटर वेगात समोर अचानक गुरू आले, चालकाने सुकाणू एका बाजूला फिरवून लगेच दुसऱ्या बाजूला फिरवले, तर पहिल्या कलण्यातून गाडी सावरण्याआधीच दुसरे कलणे येऊन मिळते. संकट त्या क्षणात आहे, आणि मागच्या आसनावर मुले बसलेली आहेत.

आणखी एक गोष्ट फार कमी लोक जाणतात. कलण्याला विरोध करण्याचे काम पुढची व मागची यंत्रणा वाटून घेते. पुढची दांडी गेली की तो भार मागच्या कडक पाट्यांवर पडतो, आणि वळणावर मागची चाके आधी घसरण्याकडे कल वाढतो. कारखाने सहसा याच्या उलट योजना करतात. कारण पुढची चाके घसरली तर सामान्य माणूस घाबरून पाय उचलतो आणि गाडी सावरते, शेपूट घसरली तर तीच सहज प्रतिक्रिया घात करते. 2012 च्या नमुन्यांपासून अमेरिकेत नव्या हलक्या गाड्यांना घसरण रोखणारी विजेरी यंत्रणा सक्तीची आहे खरी. परंतु तिची जुळणीही मूळ दांडीसह केलेली असते.

गंमत अशी, की गाडी उंचावल्यावर अनेकजण दांडीला दोष देतात तो भलत्याच कारणासाठी. पुढून ठकठक आवाज येतो, गाडी खड्ड्यात दणके देते. गाडी वर गेली पण लिंका जुन्याच मापाच्या राहिल्या, म्हणून दांडी वेड्यावाकड्या कोनात ओढली जाते. दोष बहुधा एवढाच असतो. उंचीला साजेशा लांब लिंका बसवल्या, किंवा दांडीचे आधार तितकेच खाली घेतले, की आवाज थांबतो. हे काम स्वस्त आहे.

रस्ता आणि खडक दोन्ही हवे असणाऱ्यांसाठी मधला मार्गही आहे. जीप रँग्लरच्या रुबिकॉन या प्रकारात 2007 च्या नमुन्यापासून बटण दाबताच पुढची दांडी मधोमध सुटते आणि वेग ताशी सुमारे 29 किलोमीटरच्या पुढे गेला की ती आपोआप पुन्हा जोडली जाते. ज्या कारखान्याने ती सोडण्याची सोय केली त्यानेच ही वेगमर्यादा घातली, हे मला बोलके वाटते.

आपल्याकडेही गाड्या उंचावणारे हौशी तरुण आहेत. त्यांच्यापुढे कायद्याचाही प्रश्न असतो: मोटार वाहन कायद्याचे कलम 52 निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करते, आणि 2019 साली सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ कडकपणे लावला.

ज्यांच्या गाडीत बटण नाही, ते लिंकांना हाताने निघणाऱ्या खिळी बसवून घेतात. वाट सुरू होण्यापूर्वी त्या काढायच्या, सुटलेल्या लिंका चाकाला किंवा ब्रेकच्या नळीला लागणार नाहीत अशा बांधायच्या, आणि परतताना डांबरी रस्त्यावर येण्याआधी सपाट जागी गाडी उभी करून दोन्ही खिळी पुन्हा घालायच्या. जागा उतरती असेल तर भोके जुळत नाहीत. मग गाडी हातभर पुढेमागे घ्यावी लागते.