दंडाची पावती म्हणजे निकाल नव्हे

लग्नसराई जवळ आली की आपल्या गावांतून सुरतेच्या वाऱ्या सुरू होतात. बस्ता बांधावयाचा तर तो सुरतेच्या कापडबाजारातच, असा कित्येक घरांचा परिपाठ आहे. समजा, अशाच एका कुटुंबाने आपली मोटार रिंग रोडलगत उभी केली. आसपास टेम्पो, हातगाड्या आणि गाठी वाहणारे हमाल यांची एकच गर्दी. मनाई सांगणारी पाटी कोठेही दिसली नाही. दोन तासांनी साड्यांची गाठोडी घेऊन मंडळी परततात, तो मोटार जागेवर नाही! ती उचलून नेल्याचे कळते. चौकशी करता गुजराती अक्षरांतला एक कागद हाती पडतो आणि जवळच उभा असलेला कोणी कानाशी लागून सांगतो, "पावतीच्या भानगडीत कशाला पडता? निम्म्यात मिटवून टाका."

वाचकहो, अशा वेळी आपण काय करतो? बहुतेक जण मुकाट्याने पैसे देतात, काही जण आरडाओरडा करतात आणि थोडे निम्म्यात मिटवतात. याखेरीज चौथा मार्ग आहे, तो कायद्याचा. तो फार थोड्यांना ठाऊक असल्यामुळे त्याविषयी चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम एक गोष्ट मनावर ठसली पाहिजे. पोलिसाने दिलेली दंडाची पावती म्हणजे न्यायालयाचा निकाल नव्हे. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या २०० व्या कलमान्वये शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याला ठरावीक रक्कम घेऊन लहान गुन्हे तडजोडीने मिटविता येतात. तडजोड म्हटली की तिला दोन बाजू आल्या. आपण रक्कम भरली की गुन्हा मान्य केल्यासारखे होऊन प्रकरण संपते. आपल्याला आरोपच मान्य नसेल, तर तडजोड नाकारून आपले म्हणणे दंडाधिकाऱ्यांपुढे मांडण्याचा हक्क आपल्याला आहे. हा हक्क वापरणे म्हणजे उद्दामपणा नव्हे. कायद्यानेच ती वाट ठेविली आहे.

वाहन उचलून नेण्यासंबंधीही कायदा स्पष्ट आहे. त्याच कायद्याच्या १२७ व्या कलमाप्रमाणे जेथे वाहन उभे करण्यास कायदेशीर मनाई आहे, तेथून ते हलविण्यास गणवेशातील पोलिस अधिकारी परवानगी देऊ शकतो, आणि दंडाखेरीज ओढून नेण्याचा खर्चही मालकावर पडतो. तेव्हा प्रश्न उरतो तो एवढाच, की त्या जागी अशी मनाई खरोखर होती काय आणि ती कळावी अशी खूण तेथे होती काय? किरकोळ गुन्ह्यांसाठी असलेल्या १७७ व्या कलमातील कमाल दंड पूर्वी पहिल्या खेपेस १०० रुपये होता. १ सप्टेंबर २०१९ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने तो ५०० रुपये आणि पुढील प्रत्येक खेपेस १,५०० रुपये झाला. मोलमजुरी करणाऱ्या घराला ही रक्कम लहान नाही.

मग आरोप अमान्य असल्यास करावयाचे काय? वाद घालण्यापूर्वी पुरावा गोळा करावा. जागेची छायाचित्रे चारही बाजूंनी घ्यावीत. पाटी नसल्यास ते त्यांत दिसले पाहिजे. दुकानाच्या बिलावरील वेळ, वाहनतळाची पावती आणि शेजारच्या दुकानदाराचे नाव जपून ठेवावे. कागद वाचता येत नसेल तर त्यावर सही करू नये. उधना-लिंबायत भागांत आपले खानदेशी बांधव मोठ्या संख्येने आहेत, त्यांच्यापैकी कोणीही तो वाचून दाखवील. त्यानंतर वाहतूक शाखेच्या वरिष्ठांकडे लेखी तक्रार द्यावी आणि तिची पोच घ्यावी. त्या रस्त्यावर मनाईचा हुकूम केव्हा निघाला, हे माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याने विचारता येते व त्याचे उत्तर सामान्यतः ३० दिवसांत मिळावयास हवे. नोटिशीवर मुदत छापलेली असते. ती मात्र चुकवू नये. गप्प बसणे हा विरोध नव्हे, आणि कित्येकदा गप्प बसण्यानेच चांगली बाजू हातची जाते. ज्यांना वकील परवडत नाही, त्यांच्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि अल्प उत्पन्नाची माणसे यांना तेथे विनामूल्य साहाय्य मिळण्याची तरतूद १९८७ च्या कायद्यात आहे.

आता त्या कानाशी लागणाऱ्या माणसाविषयी. गुजरातेतील शहरांत रहदारीच्या कामी पोलिसांच्या मदतीला 'ट्रॅफिक ब्रिगेड'चे जवान नेमले गेले. अल्प मानधनावर उन्हातान्हात उभी राहणारी ही गरिबांची मुले आहेत, हे आम्ही विसरत नाही. परंतु दंड वसूल करण्याचा अधिकार त्यांना नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये सुरतेच्या लसकाणा भागात वकील मेहुल बोघरा यांनी, वाहनचालकांकडून हप्ते घेतले जातात असा आरोप करून ते दृश्य लोकांना थेट दाखविण्यास प्रारंभ केला, तेव्हा त्यांच्यावर हल्ला होऊन त्यांचे डोके फुटले. सुरतेत मोठी खळबळ उडाली आणि त्यांचे वकील बंधू त्यांच्या पाठीशी उभे राहिले. पावतीविना दिलेल्या पैशाची ही दुसरी बाजू आहे. आपण निम्म्यात मिटवितो तेव्हा शंभर-दोनशे रुपये वाचतात खरे, पण उद्याच्या प्रवाशाच्या मार्गात आपणच एक खड्डा खणून ठेवतो.

सुरतेच्या मातीला अन्यायापुढे मान न तुकविण्याची सवय जुनी आहे. १८४८ साली सरकारने तेथे बंगाली वजनेमापे लादण्याचा प्रयत्न केला, तेव्हा नगरवासीयांनी बहिष्कार पुकारला आणि सरकारला तो बेत सोडावा लागला. त्याच जिल्ह्यातील बारडोलीच्या शेतकऱ्यांवर सारावाढ लादली गेली, ती सुमारे २२ टक्क्यांची. १९२८ मध्ये वल्लभभाई पटेलांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी ती देण्यास नकार दिला आणि निःपक्षपाती चौकशीची मागणी केली. ब्रूमफील्ड व मॅक्सवेल या अधिकाऱ्यांनी चौकशी केली, तेव्हा रास्त वाढ सुमारे सहा टक्केच ठरली. शेतसारा आणि वाहनाचा दंड यांची बरोबरी आम्ही करीत नाही. पण आकडा तपासून घेण्याचा आग्रह, तोंडी शिवीगाळ टाळणे आणि मागणी रास्त ठेवणे हे गुण लहान गोष्टीतही तेच असतात.

एक प्रश्न मात्र प्रत्येकाने आधी स्वतःला विचारावा. माझी मोटार खरोखरच कोणाच्या वाटेत होती काय? तिच्यामुळे रुग्णवाहिका अडली असती काय? तसे असेल तर दंड भरावा, पावती घ्यावी आणि पुन्हा तसे करू नये. खोट्या सबबीसाठी न्यायालयाचे दार ठोठावणे हीही एक लाचच. शिवाय गावाहून तारखेला जाणे म्हणजे गाडीभाडे आणि बुडालेला रोज. हा हिशेब करून कोणी दंड भरला तर त्याला आम्ही दोष देणार नाही. मात्र तो पावती घेऊन भरावा.

संत पौलाला फटके मारण्यासाठी बांधले, तेव्हा त्याने हात उगारला नाही आणि तो गप्पही बसला नाही. चौकशीवाचून रोमी नागरिकाला फटके मारणे कायद्याला धरून आहे काय, एवढेच त्याने शताधिपतीला विचारले. आणि त्या एका प्रश्नाने सरदारही भ्याला. आपल्या मुलाबाळांसमोर आपण पोलिसाशी कसे बोलतो, हे मुले पाहत असतात. दबून दिलेली नोट त्यांच्या ध्यानात राहते, तसाच शांतपणे विचारलेला प्रश्नही राहतो. तेव्हा पुढच्या वेळी कोणी कानाशी लागले तर नम्रपणे एवढेच म्हणावे, "दादा, दोष असेल तर पावती द्या, नसेल तर मी साहेबांपुढे येतो."