तीन कोष्टकं, एक कागद : एक्सेलमधील 'लिंक्ड पिक्चर'चा उपयोग



20 ऑगस्ट 2010 च्या शासन निर्णयाने आपल्या राज्यात पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. तेव्हापासून प्रत्येक मुलाचे आकारिक व संकलित गुण, श्रेणी, वर्णनात्मक नोंदी, उपस्थिती असं बरंच काही ठेवावं लागतं. आपल्यापैकी अनेक जण हे एक्सेलमध्ये ठेवतात. अडचण येते ती प्रिंट काढताना.

अडचण नेमकी कोणती?

गुणांच्या कोष्टकाला अरुंद कॉलम लागतात, वर्णनात्मक नोंदींना रुंद. दोन्ही एकाखाली एक ठेवली की बिघडतं, कारण एका शीटमध्ये कॉलमची रुंदी वरपासून खालपर्यंत एकच असते. कंट्रोल दाबून तीन वेगवेगळे भाग निवडले आणि 'प्रिंट एरिया' ठरवला, तर एक्सेल प्रत्येक भाग स्वतंत्र पानावर छापतं. म्हणजे 40 मुलांच्या वर्गाला 40 ऐवजी 120 कागद!

मग काही जण सगळ्या वर्गाचा तक्ताच पालकांसमोर ठेवतात. पण आपल्या सोलापुरात बिडी वळणाऱ्या, घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्या किती तरी आया वेळ काढून पालकसभेला येतात. मराठी तक्त्यातली आपल्या लेकराची ओळ त्यांनी कशी शोधायची? शिवाय शेजारच्या मुलाला 'ड' श्रेणी आहे हे चारचौघांना कळायचं कारणच काय? प्रत्येक पालकाच्या हातात फक्त त्याच्या मुलाचा, एका पानाचा कागद जायला हवा.

उपाय : लिंक्ड पिक्चर

लिंक्ड पिक्चर म्हणजे निवडलेल्या सेलचं जिवंत चित्र. मूळ आकडा बदलला की चित्रातलाही बदलतो. आणि ते चित्र असल्यामुळे खालच्या कॉलमच्या रुंदीशी त्याचा संबंध राहत नाही. संगणकावरच्या एक्सेलमध्ये असं करा :

1. गुण, वर्णनात्मक नोंदी आणि उपस्थिती यांची कोष्टकं वेगवेगळ्या शीटवर, प्रत्येकाला हवी तशी रुंदी देऊन तयार करा.
2. मूळ शीटवर 'व्ह्यू'मधली 'ग्रिडलाइन्स'ची खूण काढा आणि हव्या तिथे बॉर्डर द्या. नाहीतर फिक्या रेघाही चित्रात येतात.
3. पहिलं कोष्टक निवडून कॉपी करा.
4. 'छपाई' नावाची कोरी शीट घ्या. 'होम'मध्ये 'पेस्ट'खालचा बाण दाबा आणि 'लिंक्ड पिक्चर' निवडा. बाकी दोन कोष्टकांचंही असंच करा.
5. तिन्ही चित्रं ए-फोर पानावर बसतील अशी मांडा. लहान-मोठं करताना कोपरा धरूनच ओढा, म्हणजे अक्षरं चेपत नाहीत.
6. तेवढ्याच भागाचा प्रिंट एरिया ठरवा आणि छापण्याआधी प्रिव्ह्यू बघा.

एका वेळी एकच मूल

एका सेलमध्ये हजेरी क्रमांक लिहा. तिन्ही कोष्टकांत व्हीलूकअप सूत्राने त्या क्रमांकाची माहिती मुख्य यादीतून आणा. आता क्रमांक 7 चा 8 केला की कोष्टकं बदलतात, आणि 'छपाई'तली चित्रंही. समजा, चौथीचा वर्ग आहे. तिथे आकारिकला 60 आणि संकलितला 40 टक्के भार असतो. एखाद्याचे आकारिक 48 आणि संकलित 27 असतील, तर एकूण 75, श्रेणी ब-1. उद्या संकलितचे 27 चे 37 झाले, तर एकूण 85 आणि श्रेणी अ-2 हे कागदावर आपोआप येईल. मात्र श्रेणीही सूत्रानेच काढलेली हवी.

हे लक्षात ठेवा

- चित्रात दुरुस्ती करता येत नाही. दुरुस्ती मूळ यादीतच करायची.
- मूळ कोष्टकातली लपवलेली रो किंवा कॉलम चित्रात दिसत नाही.
- कोष्टकाच्या शेवटच्या ओळीखाली नवी ओळ लिहिली तर ती चित्रात येत नाही. मधे रो घातली तर येते.
- सगळ्यात महत्त्वाचं : पालकांना एक्सेलची फाइल कधीही पाठवू नका. पानावर एकच मूल दिसत असलं, तरी फाइलच्या आत अख्ख्या वर्गाचे गुण असतात. व्हॉट्सअ‍ॅपवर द्यायचं असेल, तर 'छपाई' शीटची पीडीएफ करून त्या मुलाच्या पालकांनाच द्या, वर्गाच्या ग्रुपवर नको.

पालकहो, तुमच्या हातात असा कागद आला, तर श्रेणीबरोबर वर्णनात्मक नोंदही जरूर वाचा. मुलाला काय जमतं आणि कुठे हात द्यायला हवा, हे तिथेच लिहिलेलं असतं.