मुक्त आणि मोफत : सॉफ्टवेअरच्या परिभाषेतील काही संज्ञा

‘फ्री सॉफ्टवेअर म्हणजे फुकट मिळणारे सॉफ्टवेअर’ हे वाक्य उत्तरपत्रिकांत हमखास आढळते. यात विद्यार्थ्याइतकाच दोष इंग्रजीचाही आहे. तेथे एकच शब्द दोन्ही अर्थ वाहतो. मराठीत मात्र ‘मुक्त’ हा संस्कृत आणि ‘मोफत’ हा फारसी ‘मुफ्त’वरून आलेला, असे दोन वेगळे शब्द आहेत. अध्यापकाने फळ्यावर प्रथम हेच दोन शब्द लिहावेत.

प्रोग्रामर जे माणसाला वाचता येईल अशा भाषेत लिहितो तो सोर्स कोड. कंपायलर त्याचे यंत्राला कळणाऱ्या आकड्यांत रूपांतर करतो, ती बायनरी. बायनरी चालवता येते, पण वाचून दुरुस्त करणे जवळपास अशक्य असते. शिजलेल्या बिर्याणीवरून पाककृती शोधण्यासारखेच ते आहे. 1980 च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटीच्या प्रयोगशाळेत झेरॉक्सचा लेसर प्रिंटर आला. त्यात कागद वारंवार अडकत असे. जुन्या प्रिंटरच्या प्रोग्राममध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी सोय करून ठेवली होती, की कागद अडकताच वापरणाऱ्यांना संगणकावर सूचना जावी. नव्याचा सोर्स कोडच मिळाला नाही, त्यामुळे ते जमले नाही. पुढे 1983 मध्ये त्यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला आणि 1985 मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन स्थापन केले.

या संस्थेच्या व्याख्येत चार स्वातंत्र्ये आहेत आणि प्रोग्रामरच्या सवयीप्रमाणे त्यांची गणती शून्यापासून होते : कोणत्याही कामासाठी चालवणे, अभ्यासून बदलणे, प्रती वाटणे, आणि बदललेल्या प्रती वाटणे. किमतीचा उल्लेख कोठेच नाही. स्टॉलमन स्वतः इमॅक्सची टेप 150 डॉलरला विकत असत. उलट फ्रीवेअर पैसे न घेता मिळते, पण सोर्स कोड सहसा दिला जात नाही. ते मोफत आहे, मुक्त नाही.

कॉपीलेफ्ट ही युक्ती मोठी गमतीची आहे. कॉपीराइटचाच आधार घेऊन अशी अट घालायची, की बदललेली प्रत वाटणाऱ्याने तीही त्याच अटींवर, सोर्स कोडसह द्यावी. जीपीएल हा परवाना याच तत्त्वावर 1989 मध्ये निघाला. दुसरी आवृत्ती 1991 ची, तिसरी 2007 ची. महाविद्यालयाने असा प्रोग्राम स्वतःपुरता बदलला तर तो जाहीर करण्याचे बंधन नाही, हे अनेकांना ठाऊक नसते. बीएसडी परवान्यात मात्र बदल बंदिस्त ठेवून विकताही येतात. ‘ओपन सोर्स’ हे नाव 1998 चे. बहुतेक सॉफ्टवेअर तेच, पण भर स्वातंत्र्यापेक्षा कामाच्या पद्धतीवर.

पॅच म्हणजे कोडमधील बदलाचे ठिगळ. फोर्क म्हणजे तोच कोड घेऊन वेगळी चूल मांडणे. 2010 मध्ये ओपनऑफिसमधून लिबरऑफिस असेच निघाले.

एक बाब विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत नेहमी राहून जाते. सोर्स कोड इंटरनेटवर ठेवला म्हणून तो मुक्त होत नाही. सोबत परवान्याची फाइल नसेल, तर कायद्याने सर्व हक्क लिहिणाऱ्याकडेच राहतात आणि पुढच्या वर्षीच्या वर्गाला त्यावर काम करायचे झाल्यास प्रत्येक माजी विद्यार्थ्याची परवानगी शोधत फिरावे लागते.