केमोथेरपीला प्रतिकारशक्तीची जोड

रत्नागिरी जिल्ह्यातील एखाद्या बालकास रक्ताचा कर्करोग असल्याचे निदान झाले की त्या कुटुंबाला बहुधा परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाची वाट धरावी लागते. इम्युनोथेरपी आली असताना केमोथेरपीचा त्रास मुलाला कशाला, असा प्रश्न अशा पालकांच्या मनात येणे आम्हांला स्वाभाविक वाटते.

बालकांत सर्वाधिक आढळणारा कर्करोग म्हणजे तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. त्यात अस्थिमज्जेतील अपरिपक्व पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात. केमोथेरपी झपाट्याने विभागणाऱ्या पेशींचा नाश करते. केस गळतात, तोंड येते ते त्यामुळेच. साधारण महिनाभरात बहुतेक मुलांच्या रक्तातून रोग दिसेनासा होतो; पण काही पेशी दडून राहतात. त्यांच्यासाठी उपचार दोन-अडीच वर्षे चालतात.

ब्लिनाटुमोमॅब हे औषध या दडलेल्या पेशींना निराळ्या रीतीने गाठते. त्याचे एक टोक रोगट पेशीवरील सीडी-१९ या खुणेला आणि दुसरे बालकाच्या स्वतःच्या टी-पेशीला चिकटते. अशी गाठ पडली की टी-पेशी शत्रूला ओळखून मारते. औषध शरीरात काही तासच टिकत असल्याने ते पंपाद्वारे सलग २८ दिवस, रात्रंदिवस शिरेतून द्यावे लागते. ते महाग आहे, आणि त्याने ताप व जंतुसंसर्गही होऊ शकतो.

रोग उलटण्याचा धोका मध्यम किंवा थोडा अधिक असलेल्या मुलांवरील एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. केवळ केमोथेरपी घेतलेल्यांत तीन वर्षांनंतर रोगमुक्त असण्याचे प्रमाण सुमारे ८८ टक्के होते. या औषधाची दोन आवर्तने जोडल्यावर ते ९६ टक्के झाले. जोडल्यावर, केमोथेरपी वगळून नव्हे.

आयआयटी मुंबई व टाटा मेमोरियल यांच्या नेक्सकार-१९ या पेशी-उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली, ती १५ वर्षे व त्यावरील, रोग उलटलेल्या वा इतर उपचारांना दाद न देणाऱ्या रुग्णांसाठी. त्यातही पेशी देण्यापूर्वी काही दिवस केमोथेरपी द्यावीच लागते.

आम्हांला खरी चिंता वाटते ती अर्ध्यावर सुटणाऱ्या उपचारांची. मूल हसूखेळू लागते, भातलावणी तोंडावर येते, मुंबईतला खर्च झेपत नाही. कोकण रेल्वेने गावी आलेले कुटुंब पुढच्या तारखेला जातच नाही. अशा वेळी दडलेल्या पेशींना रान मोकळे मिळते. मुंबईत उपचारासाठी आलेल्या मुलांना व त्यांच्या पालकांना सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स ही संस्था २००६ पासून मोफत निवारा देत आहे. त्याविषयी रुग्णालयाच्या समाजसेवकांकडे पहिल्याच दिवशी विचारणा करावी.